कन्हानकाठची गावे आणि कामठीची छावणी

सातपुड्याच्या छिंदवाड्याकडील रानांतून वाहत येणारी कन्हान नदी नागपूरच्या ईशान्येस सुमारे दहा मैलांवर पोचते, तेव्हा तिच्यात पेंच आणि कोलार या दोन नद्यांचे पाणी नुकतेच मिसळलेले असते. आणि म्हणूनच ऐन वैशाखात, आसपासचे ओढेनाले कोरडे ठणठणीत पडले असतानाही, या जागी माणसांना व जनावरांना पुरेल एवढे पाणी वाळूच्या पात्रातून वाहत असे. संगमाच्या अंगाने बिना, भानेगाव, वारेगाव, त्याच्या पश्चिमेस जगदंबेचे स्थान असलेले कोराडी, आणि खाली नदीच्या उजव्या तीरापासून नागपूरकडे जाताना येरखेडा, रणाळा, आजनी, गादा, भिलगाव, खैरी अशी लहान लहान गावे या टापूत पसरलेली आहेत. काळीत शेती आणि पांढरीत वस्ती, ही जी आपल्याकडील ग्रामरचना, तीच येथेही होती. ज्वारी, गहू, जवस आणि कापूस ही पिके. वसुलासाठी पाटील, हिशेबासाठी पांड्या, आणि शीव राखण्यापासून सरकारी टपाल पुढच्या गावी पोचविण्यापर्यंतची सर्व कामे ज्याच्या माथी असत तो महार. या गावांची नावे मोठ्या इतिहासग्रंथांत आढळत नाहीत. कामठीचा इतिहास म्हणून जे लिहिले गेले, ते बहुतांशी छावणीचे, पलटणींचे आणि सेनापतींचे वृत्त आहे. परंतु ती छावणी ज्यांच्या जमिनीवर उतरली आणि ज्यांच्या गवतावर, दुधावर, दगडावर व अंगमेहनतीवर पोसली गेली, त्या गावांना वगळून तो इतिहास पुरा होत नाही, अशी माझी दृढ समजूत आहे.

छावणी येथे आली ती भोसल्यांच्या दौलतीस उतरती कळा लागल्यावर. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी जन्मभर जी तैनाती फौज टाळली, ती त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे पुतणे आप्पासाहेब भोसले यांनी २७ मे १८१६ च्या तहाने स्वीकारली. आणि पुढे दीड वर्षातच, पुण्यास पेशव्यांनी शस्त्र उपसल्याची वार्ता येताच, त्याच आप्पासाहेबांची फौज रेसिडेंट जेन्किन्स याच्या शिबंदीवर सीताबर्डीच्या टेकड्यांपाशी चालून गेली. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवसांत तेथे जे युद्ध झाले त्यात इंग्रजांकडे जेमतेम चौदाशे माणसे होती, आणि त्यांतले बहुतेक पायदळ मद्रास इलाख्याचे होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण कामठीच्या पुढील शंभर वर्षांच्या लोकजीवनाचे मूळ तिच्यात आहे. डिसेंबरात जनरल डव्हटन कुमक घेऊन आला, नागपूर पडले, आप्पासाहेब कैद झाले, १८१८ च्या मे महिन्यात पहाऱ्यातून निसटून रानोमाळ भटकले आणि अखेर जोधपुराच्या आश्रयास जाऊन तेथेच १८४० मध्ये वारले. नागपूरच्या गादीवर अल्पवयीन तिसरे रघूजी बसविण्यात आले, आणि १८३० पर्यंत राज्याचा कारभार वस्तुतः रेसिडेन्सीतून चालला.

या व्यवस्थेस पाठीशी कायमची फौज हवी होती. ती राजधानीच्या अगदी कुशीत ठेवावी तर शहराशी नित्याचा संपर्क आणि त्यातून उपद्रव. फार दूर ठेवावी तर प्रसंगी निरुपयोगी. एका कूचात नागपूर गाठता यावे, उत्तरेकडे शिवनीवरून जबलपुराकडे आणि पूर्वेकडे छत्तीसगडाकडे जाणाऱ्या वाटा हाताशी असाव्यात, आणि हजारो माणसे, घोडे, बैल व उंट यांना बारमाही पाणी मिळावे, या सर्व गरजा कन्हानच्या उजव्या तीरावरील सपाट माळाने भागविल्या. १८२१ मध्ये तेथे छावणी वसली. नदीला समांतर लांबच लांब आखलेल्या बराकी, गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंगले, कवायतीची मैदाने, आणि या सर्वांच्या पाठीशी बाजार, असा तिचा आकार. गोरा बाजार हे नाव आजही चालू आहे; आणि लाला ओळी, दाल ओळी, फुटाणा ओळी ही मोहल्ल्यांची नावे ऐकली की हे शहर रांगा आखून वसलेल्या बाजाराचे आहे हे कोणी न सांगताही कळते.

फौज म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बंदुका येतात. पण तिची रोजची भूक बंदुकीहून मोठी असते. रिसाल्याच्या घोड्याला दररोज गवताचा भारा लागतो, तोफखान्याच्या बैलाला कडबा लागतो, भट्ट्यांना सरपण लागते, आणि गोऱ्या शिपायाला दूध, अंडी, मांस व भाजी लागते. पहाटेच्या अंधारात डोक्यावर गवताचे भारे घेऊन छावणीच्या वाटेला लागणाऱ्या बायका, कावडीने दूध वाहणारे गवळी, नदीच्या वाळवंटात खरबुजे-टरबुजे पिकविणारे ढीवर, बंगल्याच्या बांधकामावर चुना मळणारे मजूर, हे या टापूतील गावांचे नवे रूप होते. ज्या कुणब्याने पिढ्यान्‌पिढ्या धान्याच्या मापात व्यवहार केला त्याच्या हाती आता रोख नाणे खुळखुळू लागले. पण याच्या जोडीने वेठही होती. पलटण कूच करू लागली की गाड्या आणि ओझेवाले यांची मागणी गावावर येई, आणि ती अखेर पाटलाच्या नव्हे तर महाराच्या पाठीवर जाऊन पडे. नाण्याचा आणि वेठीचा हा एकाच दारातून झालेला प्रवेश ज्याने ध्यानी घेतला नाही, त्याला या टापूत पुढे जे घडले त्याची संगती लागणार नाही.

मद्रास फौजेची एक रीत अशी होती की तिचे शिपाई बायकामुलांसह फिरत. त्यामुळे पलटण आली म्हणजे तिच्यामागे एक सबंध वस्तीच येई: तमिळ आणि तेलुगू बोलणारी कुटुंबे, त्यांचे भट-भिक्षुक, सोनार, दुभाषे, आचारी, बटलर, ख्रिस्ती झालेले सेवक. पलटणी बदलल्या, पण माणसांतली पुष्कळशी येथेच राहिली. मुदलियारांची घरे कामठीत रुजली. कॅथॉलिक मिशनऱ्यांनी आपले देऊळ आणि शाळा उभारल्या. मारवाडातून आलेल्या सावकारांनी पेढ्या घातल्या, आणि त्यांत बंशीलाल अबीरचंद या घराण्याचे नाव साऱ्या मध्यप्रांतात गाजले. नदीकाठच्या चार-दोन गावांच्या शिवेवर अशा रीतीने एका पिढीत एक नगर उभे राहिले, ज्याच्या बाजारात मराठी, हिंदुस्थानी, तमिळ, तेलुगू आणि मारवाडी या पाच बोली एकाच वेळी कानी पडत. सातपुड्याच्या पठारावरून, शिवनी-छिंदवाड्याकडून आणि छत्तीसगडातून येणारे धान्य, इमारती लाकूड आणि जंगलचा माल येथे उतरे. बंजाऱ्यांचे तांडे मीठ आणि कापड घेऊन परत फिरत. बैल उतरवून घेण्यास नदीकाठचा मोकळा माळ, आणि माल घेण्यास छावणीचा बाजार. व्यापाऱ्याला आणखी काय हवे?

१८४५ च्या फेब्रुवारीत या बाजारात एक सत्तावीस वर्षांचा स्कॉटिश पाद्री येऊन उतरला, आणि त्याच्यामुळे कामठीचे नाव अशा ठिकाणी गेले, जेथे कोणत्याही सेनापतीने ते नेले नव्हते. स्टीफन हिस्लॉप हे त्याचे नाव. मद्रास फौजेतल्याच कॅप्टन हिल या धर्मशील अधिकाऱ्याच्या देणगीतून नागपूरसाठी हे मिशन निघाले होते. परंतु नागपूर हे तेव्हा राजाचे शहर, आणि इंग्रजी फौजेच्या आश्रयाची जागा कामठी, म्हणून कार्याचा आरंभ कामठीतून झाला. हिस्लॉपने मराठी शिकून घेतली, १८४६ मध्ये नागपुरास शाळा काढली, गोंडांची गीते व परंपरा टिपून ठेवल्या. पण या लेखाच्या दृष्टीने त्याचे सर्वांत लक्षणीय कार्य निराळेच आहे. त्याला दगडांचा नाद होता. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हा सहकारी येऊन मिळाल्यावर दोघे मिळून आसपासची गावे, नाल्यांच्या दरडी आणि खाणी पालथ्या घालू लागले.

कामठीच्या वरच्या अंगास, नदीच्या जवळच, सिलेवाडा म्हणून गाव आहे. तेथे वालुकाश्माच्या खाणी होत्या आणि त्यांतला दगड इमारतींसाठी निघे. खाणीतला हा दगड पिवळट, तांबूस, मधूनच लोहाच्या पट्ट्यांनी गडद झालेला असतो. आणि त्याच्या जोडीला मऊ, बारीक कणांच्या शिळांचे थर लागतात. अशी एखादी शिळा पहारीने फोडून दोन पाकळ्या अलग केल्या की आत पानाचा ठसा दिसतो: जिभेसारखे लांबट पान, मधोमध ठसठशीत शीर, आणि तिच्यापासून दोन्ही कडांपर्यंत पसरलेले बारीक शिरांचे जाळे, इतके स्पष्ट की बोटाने चाचपून पाहावे. हे ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीचे पान. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी, जेव्हा भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे सर्व भूभाग एकमेकांस जोडलेले होते, तेव्हा त्या साऱ्या भूमीवर या वनस्पतीची राने होती, आणि त्या सलग भूमीचा एक प्रमुख पुरावा म्हणून आज शास्त्रज्ञ या पानाकडे बोट दाखवितात. हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूरचनेवरील निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला. त्यांनी पाठविलेल्या वनस्पतींच्या ठशांचे वर्णन पुढे १८६१ मध्ये बनबरी या शास्त्रज्ञाने केले. आणि भूगर्भशास्त्रज्ञांनी या थरांना कामठीचेच नाव देऊन टाकले. गोदावरीच्या खोऱ्यात दूरवर काम करणारा भूगर्भशास्त्रज्ञ आज एखाद्या दगडाला कामठी थरातला म्हणतो तो यामुळे.

त्या खाणींत पहार चालविणाऱ्या पाथरवटांची व मजुरांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत, ही खंत येथे बोलून दाखविल्यावाचून मला पुढे जाववत नाही. कारण पाने हिस्लॉपच्या हाती आली ती त्यांनी दगड फोडला म्हणून. हिस्लॉपचा अंत याच छंदात झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून रात्री घोड्यावरून एकटाच परतत असताना बोरीजवळच्या नाल्याच्या पुरात तो वाहून गेला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याचे नाव सांगते.

मधल्या काळात राज्य बदलले होते. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले आणि पुढल्या वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले. सत्तावन्नच्या उठावात १३ जून या दिवशी टाकळीच्या घोडेस्वारांचा बेत फुटला. कामठीहून मद्रासी पलटणी नागपुरास आल्या, भोसले घराण्यातील वृद्ध बाकाबाईंनी आपल्या माणसांस आवरून धरले, आणि कटाच्या पुढाऱ्यांना सीताबर्डीवर फाशी देण्यात आले. कामठीच्या छावणीने त्या वर्षी इंग्रजांचे मध्य हिंदुस्थानातील ठाणे राखले, एवढे सांगून हा भाग संपवितो.

गावांच्या दृष्टीने त्याहून दूरगामी घटना पुढील दशकात घडली, आणि तिला कोणी युद्ध म्हणत नाही म्हणून ती सहसा कोणाच्या स्मरणात नसते. भोसल्यांच्या अमलात पाटील हा गावाच्या वसुलाची हमी घेणारा इजारदार असे, मालक नव्हे. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाल्यावर जो जमाबंदीचा बंदोबस्त झाला त्यात या पाटलांना, आणि कित्येक ठिकाणी ज्याने गाव गहाण घेतले त्या सावकाराला, मालगुजार म्हणून गावाची मालकी मिळाली. वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात गावाच्या रूढी लिहिल्या गेल्या: गायरान कोणते, सरपण कोणी कोठून घ्यावे, तळ्याच्या पाण्यावर हक्क कोणाचा; आणि या सर्व वहिवाटीला निस्तार असे नाव पडले. कागदावर निस्तार रयतेचा, पण झाड मालगुजाराचे. छावणीला लागणाऱ्या गवताच्या आणि लाकडाच्या बाजारपेठेमुळे येथील माळाला जी किंमत आली होती, ती आता मालगुजाराच्या पदरात पडू लागली. गवत कापणारी बाई पूर्वी गावाच्या माळावर जाई. आता ती मालगुजाराच्या माळावर जाऊ लागली. पाऊण शतकाहून अधिक काळ हा क्रम चालला, तो स्वातंत्र्यानंतर मध्यप्रदेश सरकारच्या कायद्याने ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली तेव्हा थांबला.

कामठीच्या वैभवाला खरा धक्का दिला तो आगगाडीने. मुंबईहून लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास आला तेव्हाच व्यापाराची दिशा वळू लागली होती. १८८० मध्ये नागपूर-छत्तीसगड रेल्वे कामठीवरून कन्हान ओलांडून राजनांदगावपर्यंत गेली, तिला पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने आपल्यात घेतले, आणि ज्या धान्याचे गाडे कन्हानच्या उताराशी मुक्काम करीत ते धान्य आता वाघिणीतून कामठीचे स्थानक मागे टाकून सरळ नागपुरास जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्याचा अरुंद मार्ग गोंदियाहून जबलपूर व छिंदवाड्याकडे निघाला आणि पठारावरचा उरलासुरला मालही दुसऱ्या वाटेने उतरला. फौजही कमी करण्यात आली. १८८१ च्या खानेसुमारीत पन्नास हजारांपर्यंत पोचलेले हे शहर १९०१ मध्ये ३८,८८८ वर आले. ज्या यजमानाच्या भरवशावर घरात पाहुण्यांची रीघ लागावी आणि तोच गाव सोडून जावा, तशी कामठीच्या बाजाराची गत झाली.

शहर मात्र ओस पडले नाही, कारण त्यात आता आपल्या हातांवर जगणारी माणसे होती. सत्तावन्नच्या धामधुमीनंतर अयोध्या-काशीकडील प्रांतांतून जबलपूरच्या वाटेने आलेले मोमीन विणकर येथे स्थायिक झाले होते. वारिसपुरा, इस्माईलपुरा अशा मोहल्ल्यांतून हातमागांचा खडखडाट चाले आणि कामठीचे लुगडे वऱ्हाडापर्यंत विकले जाई. दुसरा धंदा बिडीचा. भंडारा आणि चांद्याच्या जंगलांतून तेंदूपत्ता उन्हाळ्यात येई. तो भिजवून, फर्म्याने कापून, चिमूटभर तंबाखू पसरून, वळून, दोऱ्याने बांधून आणि तोंड दुमडून सूपभर बिड्या तयार करावयाच्या, आणि संध्याकाळी सट्टेदाराकडे, म्हणजे कारखानदाराच्या मध्यस्थाकडे, मोजून द्यावयाच्या. सट्टेदार मूठभर उचली, सैल किंवा आखूड म्हणून छाट काढी, आणि छाटीचे पैसे कापून घेतल्यावर ती बिडी पुष्कळदा परतही देत नसे. कारखानदार लांब, सट्टेदार समोर. तक्रार करावी ती कोणाजवळ? येरखेडा-रणाळ्यासारख्या गावांतले जे भूमिहीन पूर्वी छावणीला गवत व श्रम पुरवीत, त्यांच्या घरांत आता सुपे आली.

या बिडी मजुरांना कामठीच्याच एका तरुणाने संघटित केले. हरदास लक्ष्मणराव नगराळे, ज्यांना महाराष्ट्र बाबू हरदास म्हणून ओळखतो, ते ६ जानेवारी १९०४ रोजी कामठीत जन्मले. त्यांचे वडील रेल्वेत कारकून होते. ज्या आगगाडीने कामठीचा बाजार नेला तिनेच एका महार घराला मासिक पगार आणि मुलाला शाळेची फी दिली, हा योगायोग मला अत्यंत अर्थपूर्ण वाटतो. हरदासांनी नागपूरच्या पटवर्धन शाळेत शिक्षण घेतले, संस्कृतचा अभ्यास केला, विशीच्या आसपासच वृत्तपत्र चालविले, कामठीत रात्रीच्या शाळा काढल्या, चोखामेळ्याच्या नावाने वाचनालय उभारले आणि १९२५ मध्ये बिडी मजुरांचा संघ स्थापिला. त्या संघाने कामठी-नागपुरापासून भंडारा, चांदा व छत्तीसगडापर्यंत मजुरांस जोडले.

७ मे १९३२ रोजी कामठीत जी अखिल भारतीय दलित परिषद भरली तिच्या उभारणीत हरदासांचा पुढाकार होता. प्रश्न होता तो दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघांचा. त्या वर्षीच्या आरंभी दलित पुढारी एम. सी. राजा आणि हिंदु महासभेचे डॉ. मुंजे यांनी संयुक्त मतदारसंघांचा जो करार केला होता, त्याला उत्तर म्हणून ही परिषद डॉ. आंबेडकरांच्या बाजूने उभी राहिली. तिचे अध्यक्ष होते मद्रासचे मुनिस्वामी पिल्लै. शंभर वर्षांपूर्वी ज्या मद्रासेतून इंग्रजांनी कामठी राखण्यास शिपाई आणले, त्याच मद्रासेतला पुढारी आता कामठीत येऊन कन्हानकाठच्या लोकांच्या राजकीय हक्काची मागणी करीत होता. परस्परांस ‘जय भीम’ म्हणण्याची प्रथा हरदासांनी याच दशकात रूढ केली. जोहार मायबाप म्हणत वाकणाऱ्या माणसाला तिने ताठ उभे केले.

१९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाकडून नागपूर-कामठी मतदारसंघातून हरदास मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून आले. पण क्षयाने त्यांना ग्रासले होते, आणि १२ जानेवारी १९३९ रोजी, वयाची पस्तीस वर्षे नुकतीच पूर्ण झाली असता, ते निवर्तले. ज्या मजुरांसाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्या धंद्याला १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टात जागा मिळाली; आणि बिडी कामगारांचा स्वतंत्र कायदा संसदेने १९६६ मध्ये केला, तेव्हा सट्टेदाराच्या सुपावर रोज संध्याकाळी होणाऱ्या छाटीच्या तंट्याचा निवाडा कोणी करावा, हेही त्यात प्रथमच लिहिले गेले.